मनश्शेची वंशावळ कागदावर कशी उतरवावी

पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गणना पुस्तकाचा सव्विसावा अध्याय वाचायची पाळी आली की बहुतेक जण भराभर पुढे सरकतात. नावं जिभेला अवघड, अमक्यापासून अमक्याचं कूळ, तमक्यापासून तमक्याचं कूळ, आणि शेवटी एक आकडा. मला हा अध्याय पहिल्यापासून ओळखीचा वाटत आला. मी नाशिक जिल्ह्यात तलाठी होते. दिंडोरी, निफाड, सिन्नर अशा तालुक्यांतल्या सजांवर वारस नोंदी घेतल्या, फेरफार लिहिले, बांधावरची भांडणं ऐकली. कोण कुणाचा मुलगा, कोण निपुत्रिक वारला, कुणाच्या वाट्याला किती क्षेत्र आलं, हे लिहिण्यातच माझी नोकरी गेली. गणनेतली यादीही त्याच कामासाठी केलेली आहे. त्याच अध्यायात पुढे, त्रेपन्नाव्या वचनात स्पष्ट सांगितलंय की या नावांच्या संख्येप्रमाणे देश वतन म्हणून वाटून द्यायचा आहे. यादी कशासाठी केली हे एकदा कळलं की ती वाचायची कशी हेही कळू लागतं.

निवृत्तीनंतर नाशिकच्या शरणपूरच्या बाजूला आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या तरुण मुलामुलींचा शास्त्राभ्यासाचा वर्ग मी घेते. त्या वर्गात आम्ही इस्राएलाच्या वंशांपैकी मनश्शेचा वंश घेतो आणि त्याची वंशावळ मोठ्या कागदावर काढतो. यहूदाचा वंश मुलांना मत्तयाच्या पहिल्या अध्यायामुळे थोडाफार पाठ असतो. लेवीचा फार मोठा. मनश्शेचा मात्र हाताळण्याजोगा आहे, यार्देनेच्या दोन्ही तीरांवर त्याची जमीन आहे, त्यात पाच बहिणी आहेत, आणि त्यातली काही नावं जमिनीतून उकरून बाहेर आलेली आहेत. शिकायला याहून चांगला वंश मला दिसत नाही.

आधी घरचं

पवित्र शास्त्र उघडण्याआधी प्रत्येकानं आपल्या घराण्याच्या चार पिढ्या लिहून काढायच्या, हा माझा नियम आहे. आजी-आजोबा जिवंत असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा. पणजीचं माहेरचं नाव विचारायला विसरू नका. ज्यांची हिंदू नातलगांकडची बाजू आहे त्यांना मी रामकुंडावर पाठवते. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की पान उघडतं. हे एवढं केलं तरी मुलांच्या तीन गोष्टी लक्षात येतात. एकच नाव आजोबाला आणि नातवाला दिलेलं असतं. मुलींची नावं गळलेली असतात. आणि आडनाव पुष्कळदा गावावरून आलेलं असतं. मनश्शेच्या वंशावळीत या तिन्ही गोष्टी पुढे भेटणार आहेत.

साहित्य फार लागत नाही. पोस्टकार्डाएवढ्या आकाराची कोरी कार्डं, पेन्सिल, काळं आणि निळं पेन, दोन मोठ्या ड्रॉइंग शीट आणि त्याच मापाचा एक ट्रेसिंग पेपर. मेन रोडवरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात सगळं मिळतं. पवित्र शास्त्राचं भाषांतर एकच धरा आणि शेवटपर्यंत त्यातलीच नावं जशीच्या तशी लिहा. दोन भाषांतरं मिसळली की एकाच माणसाची दोन माणसं होतात.

प्रत्येक नावाला एक कार्ड. कार्डावर नाव, बापाचं नाव, आईचं नाव, नातं सांगणारा शब्द जसा छापलाय तसा, गाव किंवा प्रदेश, आणि कुठल्या पुस्तकातलं कुठलं वचन. जे सांगितलेलं नाही ती जागा रिकामी ठेवायची. अंदाजानं भरायची नाही. रिकामी जागा पाहून मुलं अस्वस्थ होतात, तेव्हा मी त्यांना शरणपूरचीच गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकात इथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे राहून शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेतला शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शोधाला गेला आणि लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत पोचला. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा जेकब तिथे होता. त्याचं हे नाव त्याच्या आईबापानं ठेवलेलं नव्हतं. अशा माणसाच्या कार्डावर बापाच्या जागी काहीतरी लिहून टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कोरी जागा खरं सांगते.

कुठून वाचायला लागायचं

पुष्कळ जण १ इतिहासापासून सुरुवात करतात, कारण त्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय वंशावळींचेच आहेत. मनश्शेच्या बाबतीत तसं करू नका. तिथला मजकूर सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे, तो शेवटी घ्या. आमचा क्रम असा: उत्पत्तीचे ४१ आणि ४८ हे अध्याय, मग गणना २६:२८ ते ३४, मग गणना २७ आणि ३६, मग गणना ३२ चा शेवट, मग यहोशवा १७, आणि या सगळ्याची कार्डं तयार झाल्यावर १ इतिहासातले तीन तुकडे: २:२१ ते २३, ५:२३ ते २६ आणि ७:१४ ते १९.

खोड सोपं आहे. योसेफ आणि त्याची मिसरी बायको आसनथ, ओन इथल्या याजकाची मुलगी. त्यांचे दोन मुलगे, थोरला मनश्शे आणि धाकटा एफ्राईम. उत्पत्ती ४८ मध्ये योसेफाचा म्हातारा बाप याकोब या दोन नातवांना आपलेच मुलगे म्हणून घेतो, रऊबेन आणि शिमोन या आपल्या थोरल्या मुलांच्या बरोबरीनं. म्हणून योसेफाच्या नावाचा एक वाटा न पडता दोन पडले. आशीर्वाद देताना याकोबानं हात आडवे टाकून उजवा हात धाकट्यावर ठेवला. हे कार्डावर लिहून ठेवा, कारण याद्यांत त्याचे पडसाद आहेत: गणना १ मध्ये एफ्राईम आधी येतो, गणना २६ मध्ये मनश्शे आधी. शिरगणतीचे आकडेही इथेच टिपा. पहिल्या मोजणीत मनश्शेचे वीस वर्षांवरचे पुरुष ३२,२००, दुसऱ्या मोजणीत ५२,७००. दोन मोजण्यांमध्ये इतकी वाढ दुसऱ्या कुठल्याच वंशाची नाही.

मनश्शेचा मुलगा माखीर. माखीराचा गिलाद. गिलादाचे सहा: इयेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, शमीदा आणि हेफेर. हेफेराचा सलाफहाद. सलाफहादाला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. गणना २६ प्रमाणे वंशावळ इतकीच, आणि ती पहिल्या शीटवर पेन्सिलीनं काढून टाका. वरून खाली, पिढीगणिक एक ओळ.

आता हातात निळं पेन घ्या. ज्या नावाचं गाव, शहर किंवा प्रदेशही पवित्र शास्त्रात सापडतो त्या नावाखाली निळी रेघ मारायची. गिलाद हा यार्देनेच्या पूर्वेचा सगळा डोंगराळ मुलूख आहे. शखेम हे शहर आहे. हेफेर नावाचं शहर यहोशवा १२ मध्ये पराभूत राजांच्या यादीत आहे, आणि त्याच यादीत तिरसाही आहे, जे नाव सलाफहादाच्या एका मुलीचं आहे. तिरसा पुढे शोमरोनच्या आधी इस्राएलाच्या राजांची राजधानी होती. निळ्या रेघा मारून झाल्यावर कागदाकडे पाहिलं की वंशावळीचा अर्ध्याहून जास्त भाग नकाशा निघतो. तेव्हा 'गिलादाचा बाप माखीर' असं वाचलं की माखीराच्या लोकांनी गिलाद वसवला, तिथे त्यांचं मूळ धरलं गेलं, हाही अर्थ मनात ठेवून वाचायचं. गणना ३२ मध्ये ते सरळ सांगितलंय: माखीराच्या वंशजांनी गिलाद जिंकला आणि मोशेनं तो माखीराला दिला.

पाच बहिणींची कार्डं

इथे घाई करू नका. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. पाच वेगवेगळी कार्डं करा. 'सलाफहादाच्या मुली' असं एकच कार्ड करून भागवणाऱ्याला मी कार्ड परत देते. ही नावं गणना २६, २७ आणि ३६ मध्ये आणि यहोशवा १७ मध्ये अशी चार ठिकाणी पूर्ण आलेली आहेत. पिढीच्या पिढीत बायकांचं नाव न घेणाऱ्या याद्यांत हे घडलंय, आणि ते जमिनीच्या हक्कामुळे घडलंय. गणना ३६ मध्ये क्रम बदलतो, तिथे महलाच्या पाठोपाठ तिरसा येते आणि नोआ शेवटी. कार्डाच्या मागे दोन्ही क्रम लिहा. आणि नोआ ही मुलगी आहे, तारवातला तो नोहा. वर्गात हा गोंधळ हमखास होतो.

गणना २७ मी नेहमी मोठ्यानं वाचून घेते. या पाच जणी दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं नेमकं आहे. बाप रानात वारला. मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाच्या बंडात तो नव्हता, म्हणजे त्याचा हक्क बुडावा असं काही त्यानं केलेलं नाही. त्याला मुलगा नाही. तर केवळ मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं? आम्हाला आमच्या चुलत्यांबरोबर वतन द्या. वारसाच्या अर्जात जे असायला हवं ते सगळं यात आहे: मयत कोण, कधी, हक्काला बाध येतो का, मागे कोण, मागणी काय. निर्णय त्यांच्या बाजूनं होतो आणि त्यातून नियम बनतो. मुलगा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर भाऊ, भाऊ नसतील तर बापाचे भाऊ, तेही नसतील तर कुळातला सगळ्यांत जवळचा. हा वारसांचा क्रम कार्डावर न लिहिता शीटच्या उजव्या समासात चौकट करून लिहा, कारण तो पुढे सगळ्या वंशांना लागू आहे.

गणना ३६ मध्ये गिलादाच्या कुळातले वडीलधारे हरकत घेऊन येतात. या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीन त्या वंशात जाईल. तोडगा असा निघतो की त्यांनी आपल्या वंशातच लग्न करावं, आणि त्या चुलतभावांशी लग्नं करतात. कार्डावर 'नवऱ्याचं नाव' ही जागा कोरी राहील, नावं दिलेलीच नाहीत. पाच तुटक रेघा ओढून 'चुलतभाऊ' एवढं लिहा.

आणि मग यहोशवा १७. देश ताब्यात आल्यावर याच बहिणी पुन्हा एलाजाराकडे, आणि आता मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्याकडे, जाऊन आपला आदेश दाखवतात. मोशेच्या काळात निकाल झालेला असूनही. माझ्या टेबलापुढे बहिणी वारस म्हणून नोंदायला येत आणि मागोमाग हक्कसोडपत्राचा कागदही येई. त्यातल्या काही जणी मनापासून सही करत, काहींच्या डोळ्यांत वेगळंच दिसे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, महाराष्ट्रानं त्याआधी १९९४ मध्ये पाऊल उचललं होतं. तरी कागदावरचा हक्क शेतात पोचवायला पुन्हा उभं राहावंच लागतं. महला आणि तिच्या बहिणी दुसऱ्यांदा उभ्या राहिल्या म्हणून त्यांना क्षेत्र मिळालं. वर्गातल्या मुलींना मी हे सांगते आणि मुलांनाही सांगते.

किती मिळालं? यहोशवा १७:५ म्हणतं की यार्देनेच्या पूर्वेकडचे गिलाद आणि बाशान सोडून मनश्शेला दहा वाटे आले. मला पटणारा हिशेब सरळ आहे. पश्चिमेची कुळं सहा. त्यातल्या हेफेराच्या वाट्याच्या जागी पाच मुलींचे पाच वाटे. राहिलेली पाच कुळं आणि या पाच जणी मिळून दहा. मुलांना आकडा आधी देऊ नका. कार्डं मांडायला लावा आणि दहा कसे होतात ते त्यांनाच काढू द्या.

ट्रेसिंग पेपर कशासाठी

तुमच्या लक्षात आलं असेल, यहोशवा १७ मध्ये ती सहा कुळं गिलादाची मुलं म्हणून येत नाहीत. तिथे ती मनश्शेची 'बाकीची मुलं' आहेत, माखीराच्या बरोबरीची. पहिलं नावही इयेजेर नसून अबियेजेर असं पूर्ण येतं. मग खरं कुठलं? इथे खोडरबर उचलायचा नाही. पहिल्या शीटवर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि यहोशवाप्रमाणे वंशावळ त्यावर काढा. नावं त्याच जागी राहतील, रेघा मात्र वेगळ्या जातील. गणनेतली मांडणी सगळ्यांना एका मुळाखाली आणते. यहोशवातली मांडणी वाटपाची आहे: गिलाद पूर्वेला, सहा कुळं पश्चिमेला, म्हणून गिलाद त्यांच्या डोक्यावर येत नाही. दोन्ही नोंदी ज्या कामासाठी केल्या त्या कामाला बरोबर आहेत.

तिसरी मांडणी १ इतिहास ७:१४ ते १९ ची. यासाठी दुसरी शीट घ्या, पहिल्यात घुसवू नका. इथे मनश्शेच्या अरामी उपपत्नीचा उल्लेख येतो, जो आधीच्या याद्यांत नाही, आणि तिनं गिलादाचा बाप माखीर याला जन्म दिला असं म्हटलंय. माखीराच्या घरात माका नावाची बाई आहे; एका वचनात ती बहीण वाटते आणि लगेच पुढच्या वचनात बायको. तिची मुलं पेरेश आणि शेरेश, मग ऊलाम आणि रेकेम, मग बदान. हुप्पीम आणि शुप्पीम ही नावं तीनच वचनं आधी बन्यामिनाच्या यादीत येऊन गेलेली असतात. सलाफहाद येतो, त्याला मुली होत्या एवढं सांगितलंय, नावं नाहीत. गिलादाची बहीण हम्मोलेखेथ हिला इशहोद, अबियेजेर आणि महला झाले. आणि शमीदाच्या मुलांत शखेम आहे.

अबियेजेराचं कार्ड आता पाहा. गणनेत गिलादाचा मुलगा, यहोशवात मनश्शेचा, इतिहासात गिलादाच्या बहिणीचा. महला एकीकडे सलाफहादाची लेक, दुसरीकडे हम्मोलेखेथचं अपत्य. तिन्ही संदर्भ एकाच कार्डावर एकाखाली एक लिहा आणि तसेच राहू द्या. कुळं वाढतात, एखादं कूळ दुसऱ्याच्या आसऱ्याला जातं, सोयरीक होते, आणि काही पिढ्यांनी ती जवळीक बाप-लेक अशा नात्यानं सांगितली जाते. मला हा तुकडा बाकीच्यांपेक्षा बोलका वाटतो, कारण यात बायका आहेत आणि अराम्यांशी, बन्यामिन्यांशी झालेली नाती आहेत, म्हणजे सीमेवर राहणाऱ्या लोकांचा खरा संसार आहे. वचनं तुटक आहेत हेही मान्य करावं लागतं. एका तासात हा तुकडा उरकू नका.

याईराची दोन टोकं

एक कार्ड तुम्हाला दोनदा फसवेल. गणना ३२:४१ मध्ये याईर हा मनश्शेचा पुत्र म्हटलाय आणि गिलादातली गावं घेऊन त्यानं त्यांना हव्वोथ-याईर नाव दिलं. १ इतिहास २ मात्र त्याची पूर्ण कहाणी सांगतं. यहूदाच्या वंशातल्या हेस्रोनानं वयाच्या साठाव्या वर्षी माखीराच्या मुलीशी लग्न केलं. तिला सगूब झाला, सगूबाला याईर, आणि याईराची गिलादात तेवीस नगरं होती. म्हणजे बापाकडून यहूदा, आजीकडून मनश्शे. जमीन आजीच्या माहेरच्या मुलखात, म्हणून नावही तिकडचं लागलं. शीटवर त्याला माखीराच्या मुलीखाली अखंड रेघेनं जोडा आणि डावीकडे एक बाण काढून 'यहूदा, हेस्रोन' लिहा. माखीराच्या मुलीचं नाव दिलेलं नाही, तरी तिचं कार्ड हवंच. तिच्याशिवाय याईर गिलादात कसा आला हे सांगताच येत नाही.

शास्ते १० मधला याईर, ज्याला गाढवांवर बसणारे तीस मुलगे होते आणि ज्यानं बावीस वर्षं न्याय केला, त्याचं कार्ड वेगळं करा. तोही गिलादीच, गावांचं नावही तेच, पण त्याचा काळ वेगळा आहे.

नामसाधर्म्याचा सगळ्यांत मोठा सापळा स्वतः मनश्शेच्याच नावाचा. २ राजे २१ मधला राजा मनश्शे, बाराव्या वर्षी गादीवर आलेला आणि पंचावन्न वर्षं राज्य केलेला, हा दाविदाच्या घराण्यातला, यहूदाचा राजा. या शीटवर त्याला जागा नाही. शास्ते १८:३० मध्येही काही प्रतींत गेर्षोमाचा बाप मनश्शे छापलेला दिसेल, काहींत मोशे. इब्री हस्तलिखितांत तिथे एक अक्षर ओळीच्या वर टांगून लिहितात, ते वगळलं की मोशे हे नाव राहतं. तेही कार्ड बाजूला ठेवा.

बाकीची माणसं लवकर होतात. हेर म्हणून गेलेला गद्दी बिन सूसी, शिरगणतीचा सरदार गमलिएल बिन पदाहसूर, वाटपाच्या वेळचा हन्निएल बिन एफोद, दाविदाकडे सिकलागला जाऊन मिळालेले हजारांवरचे सात नायक, ज्यांत योजाबाद नावाचे दोन आहेत. यांचं कूळ सांगितलेलं नाही, तेव्हा त्यांना कुठल्याच फांदीला लावू नका, डाव्या समासात ओळीनं चिकटवा. शास्ते पुस्तकातल्या गिदोनाचं तसं नाही. तो योवाशाचा मुलगा, अफ्रा गावचा, अबियेजेरी कुळातला. अबियेजेर आणि योवाश यांच्यामध्ये किती पिढ्या गेल्या ते दिलेलं नाही, म्हणून मध्ये तुटक रेघ. गिदोनाखाली सत्तर मुलगे आणि शखेमातल्या उपपत्नीचा अबीमलेख; नावानिशी कार्डं फक्त येथेर, योथाम आणि अबीमलेख यांचीच होतील.

खापरांवरची नावं

हा भाग आम्ही दोन्ही शीट भरून झाल्यावर घेतो. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या मोहिमेला शोमरोनच्या राजवाड्याच्या आवारात शाईनं लिहिलेली खापरं सापडली, शंभराच्या आसपास. ती इ. स. पू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहेत. मजकूर कारकुनी आहे: राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष, माल कुठून आला, कोणाच्या नावे, आणि काय. माल म्हणजे जुना द्राक्षारस किंवा शुद्ध केलेलं तेल. वर्षं नववं, दहावं आणि पंधरावं. आणि माल जिथून आला त्या भागांची नावं आहेत अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, शमीदा, होग्ला, नोआ.

तुमच्या शीटवर ही सात नावं शोधा आणि त्यांना चौकट करा. गणनेत जी कुळं होती ती इथे महसुली विभाग होऊन बसलीयत. सहा कुळांपैकी पाच आहेत. हेफेराचं नाव नाही, पण त्याच्या दोन नातींची आहेत. होग्ला आणि नोआ यांनी मागितलेलं वतन शेकडो वर्षांनी त्यांच्याच नावानं राजाच्या कोठारात द्राक्षारसाचे घडे पाठवत होतं. मी आयुष्यभर गाव नमुने भरले, त्यामुळे असेल, पण ही खापरं मला कुठल्याही राजाच्या शिलालेखापेक्षा मोलाची वाटतात.

दिंडोरी-निफाडची मुलं इथे लगेच जागी होतात, कारण द्राक्षाचा हंगाम त्यांना घरात माहीत असतो. त्यांना शास्ते ८:२ काढायला सांगा. एफ्राईमाचे लोक रुसून आलेत आणि गिदोन त्यांना समजावतो, एफ्राईमाचा सरवा, म्हणजे तोडणीनंतर मागे राहिलेली द्राक्षं, अबियेजेराच्या द्राक्षांच्या सगळ्या पिकापेक्षा चांगला नाही का? बोलणाऱ्याच्या मुलखात द्राक्षं पिकतात म्हणून तो असं बोलतो, आणि खापरांवर त्याच अबियेजेराचा द्राक्षारस नोंदलेला आहे. दोन्ही संदर्भ अबियेजेराच्या कार्डावर लिहा.

कागद कुठे संपवायचा

पूर्वेकडच्या अर्ध्या वंशाचा शेवट १ इतिहास ५ मध्ये आहे. एफेर, इशी, एलिएल, अज्रिएल, यिर्मया, होदव्या आणि यहदिएल हे त्यांच्या घराण्यांचे प्रमुख, नावाजलेले पुरुष. त्यांच्या खाली अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसराचं नाव आणि इ. स. पू. ७३२ च्या सुमारास असं लिहा. त्यानं या लोकांना हलह, हाबोर, हारा आणि गोजान नदीकडे नेलं. पश्चिमेच्या फांद्यांखाली शोमरोन पडलं ते वर्ष, इ. स. पू. ७२२.

पण आडवी रेघ मारून वंश संपला असं दाखवू नका. २ इतिहास ३० मध्ये हिज्कीया राजाच्या निरोपानंतर मनश्शेतले काही जण नम्र होऊन यरुशलेमेला वल्हांडणाला आले. १ इतिहास ९:३ मध्ये यरुशलेमेत राहणाऱ्यांत यहूदा आणि बन्यामीन यांच्याबरोबर एफ्राईम आणि मनश्शेचे लोकही मोजलेत. नावं नाहीत, म्हणून बिननावाची दोन तुटक टोकं खाली सोडा आणि संदर्भ लिहा.

मणिपूर आणि मिझोराममधले बनेई मनश्शे स्वतःला याच वंशाचे मानतात, हे वर्गात कोणीतरी विचारतंच. इस्राएलच्या एका मुख्य रब्बींनी २००५ मध्ये त्यांना इस्राएलाच्या हरवलेल्या वंशांचे वंशज म्हणून मान्यता दिली. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांचा प्रश्नही मग निघतो. गावावरून पडलेली त्यांची 'कर' शेवटाची आडनावं मुलांनी ऐकलेली असतात. या दोन्ही समाजांची परंपरा त्यांच्या तोंडून आलेली आहे, ती आदरानं, पण वेगळ्या कागदावर लिहा. पवित्र शास्त्रातल्या याद्यांपासून त्या कागदापर्यंत रेघ ओढू नका, कारण मधल्या पिढ्यांची नावं आपल्या हातात नाहीत.

सगळं झालं की पेन्सिलीवर शाई फिरवण्याआधी एकानं कार्डं वाचायची, दुसऱ्यानं शीटवर बोट ठेवायचं आणि तिसऱ्यानं उघड्या पवित्र शास्त्रात वचन तपासायचं. एकट्यानं तपासलेली वंशावळ मी शाईत जाऊ देत नाही. शाईला काळं पेन फक्त त्या रेघांसाठी वापरा ज्यांना वचनाचा आधार आहे. बाकीच्या पेन्सिलीतच राहू द्यात.